डाव्या हाताचा समुद्र

...तर मनाल तांदळाची पिशवी छातीशी धरून वाचनालयाचा जिना चढत होती, इथपर्यंत काल आलो होतो आपण. वाचनालयात तांदूळ कशाला, असं विचारलंत आणि उत्तर न ऐकताच उठून गेलात. अहो, तीच तर गंमत!

ही मनाल म्हणजे आमच्या समुद्रकाठच्या भाट्ये गावातल्या अयूबची लेक. अयूब जहाजावर. सुट्टीवर आला की जुने, रद्द झालेले सागरी नकाशे आणायचा आणि ही पोरगी त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर नसलेली बेटं काढायची. मोठेपणी जमीनमोजणीच्या एका खासगी हपिसात लागली. दिवसभर लोकांच्या बागांच्या हद्दी आखायच्या आणि घरी येऊन पुन्हा बेटं. शेवटी गेल्या दिवाळीनंतर तिनं नोकरी सोडली नि वाचनालयाच्या माडीवर रविवारचा वर्ग काढला. काल्पनिक मुलखांचे नकाशे, तेही कधी पेन्सिल न धरलेल्यांसाठी! तिची आई हाजरा माझ्याकडे आली. म्हणाली, "तात्या, असलेल्या जमिनीचे नकाशे सोडून ही नसलेल्या जमिनीचे काढते. समजवा हिला." मी समजवायला गेलो आणि वर्गात नाव घालून आलो.

कारण शिकवतेच तशी. कागदावर मूठभर तांदूळ सोडायचे, पसरतील तसे पसरू द्यायचे आणि कडेकडेनं पेन्सिल फिरवायची. दाणे झटकले की बेटाचा किनारा तयार! मग डोंगर, मग नद्या. डोंगराशिवाय नदी काढली की ही लगेच, "आजोबा, हिला पाणी कुठून येतं?" गावं सगळ्यात शेवटी, पाणी बघून. आमच्या गावच्या शाळेत एकच नकाशा होता आणि तोही उंदरांनी दक्षिणेकडून खाल्लेला. मला एवढा भूगोल कुणी शिकवला होता?

पण त्या रविवारी मनालच्या जिवाला थारा नव्हता. वाचनालयाच्या कार्यवाह सुनेत्राबाई वर्ग बघायला येणार होत्या. बाई भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांना पसंत पडला तर माडी राहणार, नाहीतर ती शिकवणीवाल्याला जाणार. दुसरी जागा परवडणारी नव्हती, म्हणजे वर्गच संपला. ओढणीचं टोक चावत तिनं दोरीवर सगळ्यांचे नकाशे चिमट्यांनी लावले, काढले, पुन्हा लावले.

"आजोबा, वाकडं दिसतंय का?"

"बेट आहे गो ते, वाकडंच असणार."

हसली नाही. दोरीकडे बघत तशीच उभी राहिली. एकेकाचा नकाशा बघताना जे कळलं नव्हतं, ते रांगेत लावल्यावर दिसलं. बेटांचे आकार निरनिराळे, पण बंदर प्रत्येकाचं डाव्या हाताला, डोंगर उजव्या हाताला, नद्या झाडून सगळ्या डावीकडे धावणाऱ्या. चारी बाजूंनी समुद्र असून उजव्या किनाऱ्याला कुणी एक होडी लावली नव्हती. मीसुद्धा नाही.

"आता काय करू? बाई म्हणतील, एकमेकांचं उतरवलंय."

पुसायला वेळ कुठला? जिन्यावर चपला वाजल्याच.

बाईंनी दोरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं. "मनाल, तुम्ही एकच नकाशा समोर ठेवून सगळ्यांना काढायला लावलंत."

"नाही, बाई."

"मग सगळी बंदरं एकाच बाजूला कशी? ही नक्कल झाली. नकलेसाठी माडी कशाला हवी?"

आमच्या वर्गातली गंगुबाई, मासळी विकते ती, मागून करवादली, "मग समुद्र काय डोंगराच्या पाठी काढू? सूर्य बुडायचा कुठं?"

आम्ही हसलो. बाई हसल्या नाहीत. मनाल घाईनं दोरीकडे वळली नि हातातली पिशवी सुटली आणि टेबलावरच्या कोऱ्या कागदावर तांदूळ सांडले. गोळा करायला वाकली नि मधेच थांबली.

"बाई... सांडलेच आहेत, तर तुम्हीच काढून बघता का?"

आवाज इतका बारीक झाला होता, की नाही म्हणणं बाईंच्या जिवावर आलं असावं. त्यांनी पेन्सिल घेतली. किनारा रेखला, दाणे झटकले. डोंगर काढले, ठसठशीत, उजवीकडे. नदी खाली आणली. बंदराचं वर्तुळ काढायला हात सरसर डावीकडे गेला आणि तिथंच थबकला.

मनाल पुन्हा ओढणी चावायला लागलेली. बाईंनी दोरीकडे बघितलं, आपल्या कागदाकडे बघितलं, चष्मा काढला आणि खुदकन हसल्या.

"अगं, माझाही डावीकडेच गेला की! जन्मभर समुद्र पश्चिमेलाच बघितला ना आपण. आता या खोडीचं काय करणार आहेस पुढच्या रविवारी?"

मनालनं ओढणीचं टोक सोडलं आणि म्हणाली, "पुढच्या रविवारी सगळ्यांना बेटाच्या पाठच्या किनाऱ्यावर उतरवणार आहे, बाई. तिकडे काय आहे ते मलाही ठाऊक नाही. तुम्ही याल का सोबत?"