लसणीचं तेल

काल सुनेने लसूण घालून तेल कढवलं आणि मला नौपाड्यातली ती दुपार आठवली. लग्न नवं होतं. थायरॉइडच्या गाठीवर गोळ्या चालू होत्या, तशात डावा पाय सुजून लाकडासारखा झाला. "रक्ताची गुठळी आहे," डॉक्टर म्हणाले, "गोळ्यांनी की मूळ दुखण्याने, सांगता येत नाही, पण गोळ्या सोडायच्या नाहीत, खाट सोडायची नाही आणि पाय चोळायचा नाही. गुठळी सुटून छातीत गेली तर जिवावर बेतेल." हे कचेरीत गेल्यावर सासूबाई तेलाची वाटी घेऊन आल्या. "आई, पायाला हात नका लावू, डॉक्टर नको म्हणालेत." "अगं, आजारपणात कसला मान? मोठ्यांनी पायाला हात लावला म्हणून पाप लागत नाही," म्हणत त्यांनी वाटी खाटेवर ठेवली आणि बोटं तेलात बुडवली. डॉक्टरांचं नाव ही त्यांना सबब वाटली. पाय मागे घेता येईना. मी हाताने वाटी उडवली. तेल त्यांच्या लुगड्यावर सांडलं. त्या फरशी पुसत बसल्या. खाली उतरून त्यांच्या पाया पडावं, तर मला खाट सोडता येत नव्हती. "पाय चोळून देऊ का?" सुनेने काल विचारलं, आणि मी दोन्ही पाय पोटाशी घेतले.