परत केलेलं कार्ड

तिहोमिरला आयुष्यात एक वाक्य कधी जमलं नाही, ते म्हणजे 'मला माहीत नाही'. सर्बियातल्या पान्चेवो शहरातल्या निम्म्या इमारतींच्या लिफ्ट त्याच्या हाताखालून गेलेल्या, त्यामुळे लोक त्याला सगळंच विचारत. बॉयलर गळतोय, बोलवा तिहोमिरला. मोटार ठिणग्या टाकतेय, बोलवा तिहोमिरला. बायको रुसून माहेरी गेली तरी त्यालाच. तोही स्क्रूड्रायव्हर घेऊन निघायचा आणि ठोकून उत्तर द्यायचा. बरंचसं बरोबर निघायचं, हीच खरी पंचाईत होती.

त्याच्या लेकीनं, इस्क्रानं, शाळा संपल्यावर खेळ खेळायला चांगला कॉम्प्युटर मागितला, तेव्हा सुटे भाग निवडायला तो स्वतःच बसला. निवडतो कसला! पोरीनं आधीच सगळं बघून ठेवलं होतं. बाप फक्त नाही म्हणायला.

"बाबा, कॅबिनेट दिवेवालं घेऊ ना."

"दिवे? कॉम्प्युटर घ्यायचाय की मांडव घालायचाय?"

"सगळ्यांकडे असतात."

"असू देत. त्या पैशात चांगला पॉवर सप्लाय येतो. वीज नीट नसली की लिफ्ट मधेच लटकते आणि आतले लोक माझ्या आईचा उद्धार करतात. डबा पत्र्याचा चालेल."

यात तो चुकला नव्हता, हे मान्य करायला हवं. प्रोसेसर साधा घेतला, पण पडद्यावर चित्र दाखवण्यापुरती ताकद त्याच्या अंगातच असलेला. मदरबोर्ड स्वस्तातला. खरा खर्च ग्राफिक्स कार्डाचा, कारण खेळ पळतो तो त्याच्या जिवावर. नवीन कार्ड परवडेना म्हणून रविवारी बापलेक जुन्या बाजारात गेले.

तिथे एक्रेम बसायचा. रोमा, म्हणजे लोक ज्यांना जिप्सी म्हणून हिणवतात त्यांच्या वस्तीतला, सडपातळ, कमी बोलणारा माणूस. टेबलावर टॉवेल अंथरून त्यावर कार्डं मांडलेली, प्रत्येक पुसून लख्ख. बाजूला तपासायला एक मॉनिटर.

"थांबा मिस्त्री, लावून दाखवतो. मग न्या."

तिहोमिरनं कार्ड उचललं, नाकाला लावलं, बोटानं पंखा फिरवला. "काही लावू नकोस. जळालेलं मला वासावरून कळतं."

"कार्डाचं वासावरून कळत नाही, मिस्त्री."

"तुला नसेल कळत!"

शेजारी ड्रिल आणि करवती विकणारा ग्वोझ्देन खो खो हसला. तिहोमिरला बरं वाटलं. पैसे देऊन तो निघाला.

घरी इस्क्रानं सगळं जोडलं, पण मागच्या वायरी बापाच्या. तिथे तो कुणाला हात लावू देईना. कॉम्प्युटर सुरू झाला, खेळही सुरू झाला, आणि खेळातला घोडा लंगडायला लागला. दोन पावलं टाकायचा, अडायचा, पुन्हा दोन पावलं.

"बाबा, कार्ड चालत नाहीये बहुतेक."

"बहुतेक कशाला? गंडवलं त्यानं!"

पुढच्या रविवारी तो तरातरा बाजारात गेला. इस्क्रा मागे मागे. त्यानं कार्ड टॉवेलवर आपटलं. एक्रेमनं ते उचलून कडा तपासल्या आणि शांतपणे विचारलं, "मॉनिटरची केबल कुठं लावली होती मिस्त्री? वरच्या पोर्टमध्ये, की खाली, कार्डाच्या?"

उत्तर हातात ठेवलं होतं बिचाऱ्यानं. पण तिहोमिरला वाटलं, हा चारचौघांत आपली अक्कल काढतोय.

"तू मला केबल लावायला शिकवणार? तू? चोर कुठला! तुमची जातच तसली!"

भोवती माणसं जमली. ग्वोझ्देन म्हणाला, "यांच्याकडून घ्यायचंच कशाला?" पायमोजे विकणारी बाई म्हणाली, तिला पहिल्यापासूनच संशय होता. कुणी विचारलंसुद्धा नाही की झालंय काय. एक्रेमनं पैसे काढून दिले. इस्क्रा खाली बघत उभी होती. येताना तिनं बाजारातला नेहमीचा बुरेक, तो चीज भरलेला पापुद्र्यांचा पदार्थ, तोही खाल्ला नाही.

मग तिहोमिरनं आपली लाडकी मासेमारीची काठी आणि रीळ विकली आणि दुकानातून कोरं कार्ड आणलं. वायरी पुन्हा त्यानंच लावल्या. घोडा पुन्हा लंगडला.

इस्क्रा उठली. डबा फिरवला, वरच्या पोर्टमधली केबल काढली, खाली कार्डाच्या पोर्टमध्ये खोचली. घोडा असा सुटला की बघत राहावं. इतके दिवस चित्र प्रोसेसरच रखडत काढत होता, कार्डाला कुणी कामच दिलं नव्हतं. ना एक्रेमच्या कार्डाला, ना ह्या कोऱ्याला.

"बाबा, त्या माणसानं हेच विचारलं होतं."

तिहोमिरला लाज वाटली. साधीसुधी नाही. कान तापले, लेकीकडे बघवेना. केबल चुकली याचं त्याला इतकं वाईट वाटलं नाही, केबल कुणाचीही चुकते. पण तोंडून जे निघालं होतं ते त्या क्षणी सुचलेलं नव्हतं. ते आत तयारच होतं, आणि लेकीनं ते ऐकलं होतं. कामावर लिफ्टच्या आरशात स्वतःचं तोंड दिसलं की तो पाठ फिरवून उभा राहायला लागला. एक रविवार त्यानं गुडघा दुखतोय म्हणून काढला. दुसऱ्या रविवारी इस्क्रानं गाडीची किल्ली त्याच्या ताटाशेजारी आणून ठेवली.

एक्रेमच्या टेबलावर तेच कार्ड अजून पडून होतं, टॉवेलच्या कोपऱ्यात. परत आलेलं कार्ड कोण घेणार?

तिहोमिर वाकून पुटपुटला, "कार्ड चांगलं होतं. केबल मीच चुकीची लावली होती. माफ करा."

एक्रेमनं मान वर केली नाही. "त्या दिवशी एवढं हळू बोलला नव्हतात, मिस्त्री."

तिहोमिरनं मागे बघितलं. इस्क्रा उभी होती. एखाद्या बंद लिफ्टमध्ये लटकून राहणं त्याला परवडलं असतं. पण त्यानं छाती भरून श्वास घेतला.

"ऐका हो! त्या रविवारी मी यांना चोर म्हणालो. यांनी मला फसवलेलं नाही. कार्ड चांगलं होतं. केबल कुठं लावायची ते मला माहीत नव्हतं!"

माणसं थांबली. ग्वोझ्देननं करवत खाली ठेवली आणि हसत म्हणाला, "जाऊ दे रे मिस्त्री! एक कार्ड चांगलं निघालं म्हणून काय झालं? दुसऱ्या कुणाला गंडवलं असेलच की त्यानं."

सगळे हसले. मोजेवाली बाईसुद्धा.

"नाही, तसं नाही! मी सांगतोय ना!" तिहोमिर ओरडत राहिला. त्या दिवशी त्याचा शब्द सगळ्यांना पटकन पटला होता. आज तो हातवारे करून सांगत होता, आणि जो तो डोळे मिचकावून पुढे सरकत होता. टेबलाशी आलेला एक जण हातातलं कार्ड ठेवून निघून गेला.

"पुरे करा, मिस्त्री," एक्रेम म्हणाला. "गिऱ्हाईक बिचकतं."