फणसाचा भुसा

मिरकरवाड्याच्या वाटेवर त्याची पत्र्याची शेड आहे. लाकडाचे पेन करतो. सहा वर्षं मी तिथे जाऊन बसतो, पण त्याने एकदाही मला ‘कसे आहात’ म्हणून विचारलेलं नाही. त्याची माया सगळी लाकडावर. तुकडा व्हाइसच्या शिकंज्यात धरताना लोखंडी जबड्यांना आतून चामड्याची पट्टी लावतो, दांडी दोन बोटांनीच आवळतो आणि भोक पाडताना ड्रिल पुन्हापुन्हा वर काढून भुसा झाडतो. “जास्त दाबलात तर आतनं तडा जातो. वरनं दिसत नाय.”

देवरूखच्या घरामागचा बाबांचा फणस भावाने मला न विचारता तोडून विकला. मी भांडायला गेलो, तेव्हा त्याने एक तुकडा माझ्या हातात ठेवला. म्हणाला, “एवढाच उरला. तुझ्यासाठी ठेवलेला.” मी मूर्ख, लगेच विरघळलो. पेन करून घ्यायला तो तुकडा शेडवर आणला.

अर्धं भोक झालं आणि ड्रिल थांबलं. त्याने चिमूटभर भुसा माझ्यापुढे धरला. मातकट होता.

“फणस नाय हा. फणसाचा भुसा हळदीसारखा पडतो. हा आंबा.”

“अहो, भावाने स्वतः दिलाय.”

“तुमच्या भावाचा पेन गेल्या महिन्यात मीच केला. तो फणस होता.”

माझ्या तोंडाकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. जबड्यातली चामड्याची पट्टी जरा सरकली होती, ती तेवढी हलक्या हाताने नीट केली आणि विचारलं, “मग, पाडू काय आरपार?”