लोणच्यातल्या उंदराचा पुरावा

आता तुमच्यापासून काय लपवायचं? पण चहा आधी संपवा. हसता हसता तो नाकात गेला तर मला बोल लावायचा नाही!

अमरावतीत आमच्या भागात मला सिंधूमावशी म्हणतात. शाळा चौथीत सुटली, पण मोबाइल माझा मी शिकले. कोण्या नातवाच्या विनवण्या केल्या नाहीत.

तर एक दिवस गल्लीतल्या बंडूनं आमच्या गल्लीच्या ग्रुपवर माझ्या लोणच्याच्या बरणीचा फोटो टाकला. खाली लिहिलं, 'सावधान! सिंधूमावशीच्या लोणच्यात उंदीर निघाला. कोणी खाऊ नये.'

अहो, आंब्याची कोय होती ती! कोयीच्या धाग्यांना शेपूट म्हणणाऱ्या माणसाला चष्मा द्यावा की चप्पल, तुम्हीच सांगा. आणि इकडे अचलपूरच्या शोभाच्या मुलीचं लग्न तोंडावर. पंगतीचं सगळं लोणचं माझ्याकडून जाणार होतं!

माझी भाची सुनंदा अकोल्याला वकील आहे. तिला फोन लावला.

"सुनंदे, त्या बंड्याले कोर्टात खेच!"

"खेचू, मावशी. पण तो मेसेज पुरावा हाय, जपून ठेवजो. त्यानं खोडला तं आपल्या हाती काईच राहत नाही. आता कसा जपाचा ते आइक..."

मी फोन ठेवला. जपून ठेवणं ही मला शिकवणार? माझी आई बियाणं कधी एका घरात ठेवत नसे. थोडं आपल्याकडे, थोडं माहेरी, थोडं लेकीकडे. एका घरचं गेलं तर दुसऱ्या घरचं वाचतं.

बस! मेसेज पाठवला भजनी मंडळाला. बचत गटाला. माहेरच्या ग्रुपवर. धारणीच्या नणंदेला. मोबाइलमध्ये जेवढी नावं होती तेवढ्यांना. आता खोड म्हणावं बंड्या!

दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोन सुरू.

"मावशी, उंदराचं वाचलं जी..."

"तुह्यापर्यंत बी आलं का? साक्ष देशीन कोर्टात?"

फोन बंद.

मग धारणीहून नणंद. "वयनी, हे उंदराचं काय होय वो?" म्हणजे बघा, त्या जंगलात धड रेंज पोचत नाही, पण उंदीर पोचला!

आणि मग शोभा. "मावशी, राग नका मानू. लोणचं राहू द्या आता. पाहुण्यायले काय तोंड दाखवू?"

केवढे लांब हात या बंड्याचे! पदर खोचला आणि अकोल्याची एसटी धरली.

सुनंदानं मोबाइल उघडला. गल्लीच्या ग्रुपवर बंडूचा मेसेज नव्हताच. खोडला होता मेल्यानं!

"स्क्रीनशॉट काढला का?"

"त्याच्याहून पक्कं काम केलं. सगळीकडे पाठवून ठेवला. खाली पाह्य, एकूण एक जागी हाय!"

तिनं खाली पाहिलं. आणखी खाली पाहिलं. मग चष्मा काढून डोळे पुसले. हसत होती की रडत होती, देव जाणे.

"मावशी, बंडूभाऊनं तुह्या गल्लीत बदनामी केली. बाकीच्या वऱ्हाडात कोणं केली, ठाऊक हाय? त्या बाईविरुद्ध पुरावा एकदम पक्का हाय."

"कोण हाय ते भवानी? नाव सांग, तिच्या झिंज्याच उपटतो!"

सुनंदा नुसती माझ्या अंबाड्याकडे पाहत राहिली.

तरी मी हार मानली नाही हं! तिथूनच शोभाला फोन लावला. म्हटलं, "काहून वो, इतक्या वर्साची तू माह्या हातचं खाऊन राहिली, अन् कोण्या सोम्यागोम्याच्या मेसेजवर विश्वास ठेवला?"

"सोम्यागोम्यानं पाठवला असता तं मी वाचलाही नसता, मावशी. तुमीच पाठवला. अन् सिंधूमावशी कदी खोटं बोलत नाही, हे तं अख्ख्या वऱ्हाडाले ठाऊक हाय!"