ढोल बंद करणारी बनुबाई

बनुबाई माझी सख्खी आत्या. फलटणपासून थोडं आत तिचं गाव. तिथं तिचा ऊस, म्हशी आणि नवरा, म्हणजे आमचे मानसिंगमामा. मामा फौजेत होते. सीमेवर सुरुंग फुटला आणि त्यात त्यांचा एक पाय गेला. घरी आल्यावर ते पायाबद्दल बोलायचे, लढाईबद्दल चकार शब्द नाही. आत्यानं विचारून पाहिलं आणि शेवटी सोडून दिलं. पुढं मुलानं तिला मोबाइलवर पुस्तकं ऐकायला शिकवलं, तेव्हा तिनं इतिहासच धरला.

उसातलं तण भांगलताना मोबाइल कमरेच्या पिशवीत बोलत राहायचा. न्याहारीला वेढा पडायचा, दुपारपर्यंत गड पडायचा. आणि आत्याचं मत तयार व्हायचं.

गडांवरच्या धान्यकोठारांवरचं पुस्तक वाचणारी एक बाई तिची आवडती. "घाई न्हाई, रडारड न्हाई. भाकरी थापल्यागत वाचती," म्हणायची. बाकीच्यांवर तिचा राग. "राणी आली की ह्यांचा गळा दाटतोच. एवढ्या राण्या झाल्या, एकीला बी कवा हसू आलं न्हाई व्हय? आन् घोडी नुसती उधळत्यात. त्यास्नी पानी कोन पाजत हुतं?"

सगळ्यात मोठा राग ढोलांवर. माणूस पडला की मागं ढोल वाजायचे. ते लागले की आत्या खुरपं खाली टाकून मोबाइल बंद करायची.

गेल्या हिवाळ्यात गावच्या तरुण मंडळानं देवळापुढं रोज संध्याकाळी असंच एक पुस्तक स्पीकरवर लावायला सुरुवात केली. मंडळाचा अध्यक्ष वीरधवल. अर्धं गाव जमायचं. एका संध्याकाळी मोठ्या लढाईचा भाग आला. वाचणाऱ्याचा आवाज चढला, माणसं धडाधड पडू लागली, ढोल घुमू लागले. आत्या उठली, स्पीकरपाशी गेली आणि बटण दाबलं.

ढोल अर्ध्यावर थांबले.

"आवं काकी, काय केलंसा ह्ये?" वीरधवल धावत आला.

"आत्ता किती मानसं पडली?"

"लय."

"एकाचं तरी नाव घेतलं त्यानं?"

"सगळ्यांची नावं कुठनं ठाऊक असनार?"

"मग तसं सांगावं की. नावं ठाऊक न्हाईत म्हनावं आन् घडीभर गप बसावं. ढोल कशापायी?"

मागून कुणीतरी ओरडलं, "बाईला इतिहासातलं काय कळतंय!"

"ऐकायला कान लागत्यात," आत्या वळून म्हणाली. "हायत मला."

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळाची पोरं घरी आली. वाडवडिलांचा अपमान झाला, देवळापुढं माफी मागा, असं त्यांचं म्हणणं. आत्या धार काढत होती. ती उठलीसुद्धा नाही.

"त्या पडलेल्यांत माझा बी कोनी वाडवडील असंल. त्याच्यासाठनंच बोलले मी. माफी न्हाई मागनार."

वीरधवलनं ओसरीवर बसलेल्या मामांकडं पाहिलं. "तात्या, तुमी फौजी मानूस. तुमी तरी समजावा."

मामा म्हणाले, "मला ढोल आवडत्यात."

आत्याचा हात थांबला.

"ढोल वाजले की दुसरं काय ऐकू येत न्हाई मला." त्यांची नजर गोठ्याच्या पार पलीकडं गेली होती. "तवा सीमेवर ढोल न्हवते. पोरं आयला हाका मारत हुती. ती कोन कोन, सगळ्यांची नावं म्हाईत हुती मला."

लढाईबद्दल मामा पहिल्यांदाच बोलले ते एवढंच. पोरं खाली माना घालून उभी राहिली. आत्या दुधाची चरवी बाजूला ठेवून मामांजवळ जाऊन बसली. मग म्हणाली, "तुमास्नी पायजेत तर तुमी ऐका ढोल. पर मी म्हनते त्ये मागं घेनार न्हाई."

"घे म्हनलंय कुनी?" मामा म्हणाले.

माफी झाली नाही. ढोलही बंद झाले नाहीत. पण त्या दिवसापासून आत्या रोज देवळापुढं पहिल्या रांगेत बसू लागली, शेजारी खुर्चीवर मामा. भाग संपला की ती उभी राहायची आणि काय पटलं, काय नाही, ते मोठ्यानं सांगायची. काही माणसं तणतणत निघून जायची. बायका मात्र थांबायच्या, हळूहळू त्याही बोलू लागल्या. एकदा वीरधवलनं तिच्या हातातला माइक काढून घेतला. उसाच्या या टोकाहून त्या टोकाला हाक मारणाऱ्या बाईला माइक कशाला लागतोय!

परवा मी तिला म्हटलं, "आत्या, आता पुरे. लोक नावं ठेवतात."

"ठेवू दे. ऐकनाऱ्यानं नुसती मान डोलवायची, आसं कुनी ठरवलं?"

तिनं पुन्हा मोबाइल कानाला लावला. जुन्या काळातल्या मिठाच्या व्यापारावरचं नवं पुस्तक सुरू होतं. थोडं ऐकून तिनं तोंड वाकडं केलं.

"मिठाचं पुस्तक हाय," ती म्हणाली, "आन् मेला वाचतोय अळणी."