चार बोटं कललेली भिंत

कर्वेनगरला घर बांधताना मी एक दिव्य मूर्खपणा केला. कॅलेंडरवर इंग्लंडातल्या एका जुन्यापुराण्या शेतघराचं चित्र होतं. तशीच उतरती कौलं, तसंच धुराडं आणि तशीच पुढे कललेली दर्शनी भिंत मी मागितली. त्या धुराड्याखाली आज माझ्या लोणच्याच्या बरण्या असतात.

गवंडी पन्नाशीचा, कसबा पेठेतला. विटांचा थर झाला की एक डोळा मिटून ओळंब्याची दोरी धरायचा; भिंत सरळ दिसली तरच चहा प्यायचा.

चित्र पाहून म्हणाला, "अहो बाई, हे घर म्हातारं झालंय. म्हणून कललंय."

"ती इंग्रजी पद्धत आहे!" तेव्हा मला सगळंच कळत असे.

"ही भिंत बघून मला पुढचं काम कोण देईल?"

"घर माझं आहे!"

त्यानं वरून ओळंबा सोडला आणि भिंतीचा माथा दोरीच्या पुढे बरोब्बर चार बोटं काढला. ती भिंत पुरी होईपर्यंत चहाला शिवला नाही.

निघताना हात धुऊन दारात थांबला.

"बाई, कुणी विचारलं तर माझं नाव सांगू नका. मीही तुमचं सांगणार नाही."