कुत्र्यासाठी मुदतवाढ

कंपनीने मला सहा महिन्यांसाठी अमेरिकेला पाठवायचं ठरवलं, तेव्हा आई जाऊन वर्षही झालं नव्हतं. बाबा कोथरूडच्या फ्लॅटमध्ये एकटे राहणार होते. निघायला आठवडा उरला असताना मी भटक्या प्राण्यांच्या निवाऱ्यातून एक तपकिरी कुत्रा आणला आणि त्यांच्यापुढे उभा केला. विचारलं नाही. विचारलं असतं तर ते नको म्हणाले असते आणि मला जाणं जड गेलं असतं. म्हणजे कुत्रा मी बाबांसाठी नाही, स्वतःच्या मनाच्या समाधानासाठी आणला होता.

बाबांनी कुत्र्याकडे पाहिलं, चष्मा पुसला आणि फुलस्केप कागद काढला. त्यांची उभी हयात खडकवासल्याला पाटबंधारे खात्याच्या कचेरीत गेली होती. कागदाशिवाय त्यांच्या लेखी काही घडतच नसे. ‘विषय : सदनिकेत कुत्रा तात्पुरता ठेवण्याबाबत.’ खाली लिहिलं, की माझी मुलगी परदेशातून परत येईपर्यंत कुत्रा ठेवण्यास परवानगी मिळावी. ती परत येताच तो जिथून आणला तिथे परत करण्याची मी हमी देतो.

“बाबा, ही हमी मागितलीय कुणी? सोसायटीत आणखी तीन कुत्री आहेत.”

“त्यांचं ते बघतील. आपल्याकडे कुणाला बोट दाखवायला जागा नको.”

आमच्या वस्तीतून त्या सोसायटीत घर घेणारे आम्ही पहिले. हॉलमधली बुद्धांची तसबीर जिन्यावरून दिसायची, आणि काही जण दारातूनच बोलून जायचे. बाबांनी त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. फक्त प्रत्येक गोष्ट लेखी केली. मला त्याचा राग यायचा, आणि खरं सांगायचं तर अजूनही येतो.

सोसायटीचे सेक्रेटरी बँकेतून निवृत्त झालेले. अर्ज वाचून ते म्हणाले, “अहो, कुत्रं आहे, भाडेकरू नाही.” पण सही केली.

माझे सहा महिने संपले, आणखी सहा मिळाले, मग व्हिसाच वाढला. दर वेळी मी फोनवर सांगायचे आणि बाबा म्हणायचे, “ठीक. मी अर्ज देतो.” मला मुदतवाढ मिळाली, की ते कुत्र्यासाठी मुदतवाढ मागायचे. ऑफिसात मी हा किस्सा रंगवून सांगायचे.

बाकी फोनवर कुत्राच असायचा. आधी ‘तुझा कुत्रा’, मग ‘हा’, आणि वर्षभरात ‘साहेब’. म्हणायचे, आयुष्य दुसऱ्यांना साहेब म्हणण्यात गेलं, आता यालाही. साहेबांना फटाक्यांचा त्रास होतो. साहेबांना दोडका चालतो, भोपळा चालत नाही. बुद्धपौर्णिमेची खीर आधी साहेबांना. आई गेल्यापासून बाबा दुपारचं जेवण ओट्यापाशी उभ्याउभ्याच उरकायचे. आता समोर कुणीतरी बसून बघतं म्हणून ते ताट वाढून घेऊन बसायला लागले होते. हे मला शेजारच्या काकूंनी सांगितलं. सकाळी बाबा आणि साहेब कर्वेनगरपर्यंत चालत जायचे. वाटेत कॉलेजची मुलं थांबून कुत्र्याशी इंग्रजीत बोलायची. “मी म्हटलं, बाळांनो, याला मराठी येतं,” असं सांगताना बाबा हसले. आई गेल्यानंतर त्यांना हसताना मी प्रथमच ऐकलं. मला इतकं बरं वाटलं, की घरी परतायची घाई माझ्या मनातून तेव्हापासून कमी कमी होत गेली.

चार वर्षांनी मी आले. त्याआधी फोनवर एवढंच म्हटलं होतं, “बाबा, येतेय मी.” किती दिवसांसाठी, ते माझ्या तोंडून निघालं नाही.

घरात शिरले तर दाराशी पिशवी भरून ठेवलेली. तिच्यात कुत्र्याची वाटी, पट्टा, लशींचं कार्ड आणि आईच्या जुन्या लुगड्याची चौघडी. टेबलावर स्वच्छ अक्षरातला अर्ज होता : माझी मुलगी परदेशातून परत आली आहे. सबब दिलेल्या हमीप्रमाणे कुत्रा परत करीत आहे. तारखेची जागा मोकळी. कुत्रा बाबांच्या पावलांवर हनुवटी टेकून पडला होता. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि डोळे मिटले.

“हे काय आहे?”

“लिहून दिलं होतं ना.”

“कोण विचारतंय बाबा? सेक्रेटरींना आठवतही नसेल.”

“मला आठवतं.” त्यांचा हात कुत्र्याच्या डोक्यावरून फिरत होता. “आठ दिवस समजावतोय त्याला. जिवावर आलंय माझ्या, खोटं कशाला बोलू. पण तू आलीस ना, मग झालं.” त्यांनी पेनाचं टोपण काढलं. “आजचीच तारीख घालू?”

परतीचं तिकीट माझ्या पर्समध्ये होतं. त्या क्षणी मला स्वतःची जितकी लाज वाटली, तितकी आयुष्यात कधी वाटली नाही.

“बाबा, मी रजेवर आलेय. तीन आठवडे.”

ते कागदाकडे बघत राहिले. मग टोपण लावलं आणि अर्ज ड्रॉवरमध्ये ठेवून दिला. उठून पिशवी उघडली आणि एकेक वस्तू बाहेर काढायला लागले. कुत्रा शेपूट हलवत त्यांच्यामागून फिरत होता. मी वाटी उचलायला वाकले.

“राहू दे,” बाबा म्हणाले. “इथे काय कुठे असतं, तुला माहीत नाही.”